कुणीच न तुडवलेला चोथा

नाना, अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनी उचलून नेईपर्यंत तुमचं मनगट लिऊकाकांनी धरलं होतं. हे आधी लिहितो. बाकीचं मागनं येईल, पण त्यांचं नाव पहिलं पाहिजे. कारण तुम्ही गेल्यापासून खोलीत, मेसमध्ये, बसच्या मागच्या सीटांवर आणि फोनवरनं थेट माणदेशातल्या तुमच्या घरापर्यंत एकच गोष्ट फिरतेय. चिन्याचा काढा पिऊन नाना गेला. खरं काय झालं ते तिघांनाच माहीत. त्यातल्या तुम्हाला आता विचारता येत नाही आणि लिऊकाकांना कुणी विचारत नाही. राहिलो मी.

माझी शाळा सातवीत सुटली. एवढं लिहायची हाताला सवय नाही. तुमच्या गावच्या मंडळाचा अंक निघतोय, त्यांनी निरोप धाडला की कतारमध्ये नानांबरोबर तू होतास, चार ओळी दे. जन्म कधी, शिक्षण किती, कुठं कुठं नोकरी केली, असलं त्यांना पाहिजे असेल. ते मला जमायचं नाही. मला तुमच्याशीच बोलायचंय, वाचणाऱ्यांनी बाजूला बसून ऐकावं.

आपली ओळख पुढच्या सीटमुळे झाली. मी एसीच्या डक्टचं काम करतो, तुम्ही आमची बस चालवायचा. बरवा अल बराहातनं, म्हणजे आपल्या कामगार कॉलनीतनं, पहाटे बस निघाली की माणसं डबा मांडीवर घेऊन, कपाळ पुढच्या सीटला टेकवून पार मुशैरिबची साइट येईपर्यंत मेल्यासारखी झोपतात. मला झोप येत नाही. लहानपणापासनं असंच आहे. गाडीत बसलो की वाटतं, मी डोळे मिटले की काहीतरी होईल. तुम्ही आरशातनं हे बघितलं आणि दुसऱ्या दिवशी दारातच मला अडवलंत.

"काय रं, तू झोपत का न्हाईस?"

"काळजी वाटती, नाना."

"मग फुडं ये. हितं बसून काळजी कर. मला बी जागं ठिवशील."

तेव्हापासनं ती सीट माझी, आणि पुढं तुमच्याच खोलीत बेड पण. माझ्या भित्रेपणाला कुणी काम दिलं ते पहिल्यांदा. घरी आई म्हणायची, ह्याच्या डोक्यात भुंगा आहे. शाळेत मास्तर म्हणायचे, ह्याचं लक्ष नाही. तुम्ही म्हणालात, पुढं ये.

मी बडबडायचो, तुम्ही हुंकार द्यायचा. पाऊस झाला का, डाळिंबाला तेल्या पडला का, सुभाष मेसमध्ये कुणाशी भांडला. हुंकार उशिरा यायला लागला की मला कळायचं, तुमचे डोळे जड झालेत. मग मी आवाज चढवायचो. यंदाच्या उन्हाळ्यात हुंकार फारच उशिरा यायला लागला. तुम्ही म्हणायचा, अंगात हुशारी नाही. झोपून उठलं तरी झोपल्यासारखं वाटत नाही. चहावर चहा व्हायचा.

गॅरेजमध्ये ब्रेक बघायला बस नेली, तेव्हा लिऊकाकांनी तुम्हाला पहिल्यांदा हटकलं. साठीचा चिनी मेकॅनिक, बारीक, हाताला कायम ग्रीस, आणि एवढ्या उकाड्यात थर्मासमधलं कढत पाणी पिणारा. तुम्ही जांभई दिलीत. त्यांनी हात पुसला, तुमचं मनगट ओढलं आणि तीन बोटं ठेवली.

तुम्ही मला म्हणालात, "आयला, आपल्या वैद्यागत हाय की ह्यो."

"यू टायर्ड," लिऊकाका म्हणाले. "नो कोल्ड वॉटर. हॉट. आय कुक. यू ड्रिंक."

त्यांचं इंग्रजी, तुमचं हिंदी, दोघांचं अरबीतलं यल्ला, म्हणजे चला, आणि खलास, म्हणजे संपलं. एवढ्यावर दोन म्हाताऱ्यांची दोस्ती झाली.

ते आपल्याच कॉलनीत, शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहतात. गावाहून येणाऱ्यांकडनं मागवलेलं सामान त्यांच्या पेटीत असतं. एक मुळी असते, आइस्क्रीमच्या काडीएवढ्या पिवळट चकत्या केलेली. लाल वाळलेली बोरं, त्याहून बारीक लाल फळं, आल्याचे काप. आधी भिजत घालायचं, मग उकळायचं, ते पाणी काढून ठेवायचं, पुन्हा नवं पाणी घालून उकळायचं आणि दोन्ही पाणी एकात ओतायचं. पहिलं कडक, दुसरं मऊ, एकत्र केलं की बरोबर, असं ते दोन्ही हातांनी दाखवायचे. सामायिक किचनमध्ये वास सुटला की सुभाष ओरडायचा, "कुणाचा बूट शिजतोय रं?"

सुभाष म्हणजे आपल्या वरच्या बेडवरचा. त्याच्या जिभेला हाड नाही, पण मनात काही नसतं. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "नाना, चिनी माल हाय. गॅरंटी न्हाई."

तुम्ही घोट घेत म्हणालात, "तुजा फोन कुठला रं? आन त्याचा चार्जर?"

सगळी खोली हसली. लिऊकाकांना काही कळलं नाही, पण ते सगळ्यांत जास्त हसले.

आणि खरंच, नाना, तुमचा हुंकार वेळेवर यायला लागला. जिना चढताना तुम्ही मला पुढं जा म्हणायचा, ते थांबलं. तुमचं-माझं भांडण तिथनं सुरू झालं, ते मिटलंच नाही. मी म्हणायचो, हा मुळीचा गुण नव्हे. कुणीतरी आपल्यासाठी दोनदा पाणी उकळतंय, त्याचा गुण आहे. तुम्ही म्हणायचा, "तुला काय करायचंय? मी जागा हाय न्हवं? मग झालं." मी म्हणायचो, जागं असणं वेगळं आणि बरं असणं वेगळं. तुम्ही म्हणायचा, सातवी नापास झालास पर वकील व्हायचा होतास. मी नापास नव्हतो, नाना. सुटली होती शाळा. हे पण तुम्हाला शंभरदा सांगितलं.

आता चोथ्याचं सांगतो. त्यावरनं तुम्ही मला फार छळलंत.

एका सकाळी आपल्या बिल्डिंगच्या दारासमोर, बसकडं जायच्या वाटेवर, ओला काळपट ढीग पडला होता. चकत्या, फुगलेली बोरं, काहीतरी मुळ्या. मी बघितलं आणि जागीच थांबलो. उतारा! कुणीतरी उतरून टाकलंय. गावाकडं तिठ्यावर लिंबू-भात दिसला तर मी आजही लांबनं वळसा घालतो, ओलांडत सुद्धा नाही. मी सगळ्यांना थांबवलं. सुभाषसारख्यानं पण डबा छातीशी धरून उडी मारली. आपली सगळी माणसं, सांगलीची, साताऱ्याची, सोलापूरची, एका रांगेत त्या ढिगाला वळसा घालून बसमध्ये चढली. केरळचे, नेपाळचे गडी पण आमचं बघून बाजूनं आले. पलीकडं लिऊकाका उभे होते. त्यांचं तोंड एवढंसं झालेलं.

संध्याकाळी त्यांनीच तुम्हाला समजावलं, तुम्ही मला. त्यांच्याकडं औषधाचा चोथा मुद्दाम रस्त्यात टाकतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तो तुडवायचा. ज्याच्यासाठी उकळलं त्याचं दुखणं मग त्या पायांबरोबर थोडं थोडं निघून जातं. एकट्याचं एवढं मोठं दुखणं गर्दीत वाटलं गेलं की कुणालाच जड होत नाही. लिऊकाकांची आई टाकायची म्हणे. एवढी माणसं रोज ज्या वाटेनं जातात, अशी जागा त्यांनी हुडकून काढली होती. आणि आम्ही काय केलं?

तुम्ही बेडवर आडवे पडून हसत होता. "म्हंजे माजं दुखणं जायचं तर तुमी तुडवायचं, आन तुमी लेकानू उड्या मारताय! कोण घालवणार माजं?"

त्यानंतर रोज तेच. चोथा दिसला की, "संज्या, तुडव की. एक पाय." मी म्हणायचो, हसू नका नाना, मला भीती वाटते. लिऊकाकांनी चोथा टाकायचं सोडलं नाही, आणि आमच्या माणसांनी वळसा घालायचं.

मला राहून राहून अल रुवैसचं बंदर आठवतं. तिकडच्या कामावर माणसं सोडायला आपण गेलो होतो, ब्रेकचा आवाज येतोय म्हणून लिऊकाका बरोबर होते. माणसं कामावर गेली आणि आपण तिघं बंदरावर येऊन बसलो. होड्या बांधलेल्या, जाळी वाळत घातलेली. लिऊकाकांनी थर्मासचं झाकण भरलं, आधी तुम्हाला दिलं, मग मला, शेवटी स्वतः घेतलं. तुम्ही समुद्राकडं बघत म्हणालात, "आमच्या माणला टँकरची वाट बघत बाया बसत्यात. आन हितं एवढं पाणी, एक घोट पेता येत न्हाय." लिऊकाकांना वाटलं तुम्हाला अजून पाहिजे. त्यांनी पुन्हा झाकण भरलं. तुम्ही प्यालात. तुम्ही त्यांना काही समजावून सांगितलं नाही. मला त्या दिवशी कशाचीच काळजी वाटली नव्हती. परत येताना मी पुढच्या सीटवर थोडा वेळ झोपलो पण. तुम्ही उठवलं नाहीत.

मग ती सकाळ. तुमचे बूट तुम्हाला होईनात. नाडी सैल केली तरी होईनात. मी म्हटलं, सूज आहे. तुम्ही म्हणालात, उन्हाळ्याची आहे. चोथा वाटेवर पडलेला होता आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी पाय उचलला. म्हटलं, जाऊ दे, माझ्या पायानं थोडं जात असेल तर जाऊ दे. तेवढ्यात मागनं माझी कॉलर धरून तुम्ही मला असं ओढलंत की शिवण उसवली.

"तू न्हाय तुडवायचं."

"रोज तुम्हीच म्हणता की."

"म्हणतो ते चेष्टेनं. तुजं वय काय, तुजी पोरगी केवढी. आन तुला आदीच काळजी कमी हाय का? माजी कशापायी घेतोस?"

तो शर्ट मी अजून शिवलेला नाही.

म्हणजे तुम्हाला पण थोडं खरं वाटत होतं, नाना. कुणाचं तरी कुणाला तरी जातं, हे.

त्याच संध्याकाळी लिऊकाकांनी तुमच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. मग त्यांनी मनगट धरलं, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ. आणि भांडं आवरायला घेतलं.

"खलास," म्हणाले. "नो मोर. धिस, हार्ट. धिस, हॉस्पिटल."

तुम्ही हसायला बघितलंत. ते हसले नाहीत. "माय टी फॉर टायर्ड मॅन," ते म्हणाले. "यू नॉट टायर्ड मॅन. यू सिक मॅन."

हेच मला सगळ्यांना ओरडून सांगायचंय. ज्या माणसाला सगळे पाजणारा म्हणतात, त्यानंच पाजायचं बंद केलं होतं. आमच्यातल्या एकालाही जे कळलं नाही ते त्याला कळलं, आणि त्यानं स्वतःचं औषध मागं घेतलं.

तुम्हाला त्याचा राग आला. हॉस्पिटलात गेलं की कागदावर येणार, कागदावर आलं की बस जाणार, बस गेली की तिकीट काढून घरी. "पोरीच्या शिक्षणाचं शेवटचं वरीस हाय. तेवढं निभवू दे." मी म्हटलं, मागं एवढी माणसं झोपलेली असतात, त्यांचं काय? दुसऱ्या दिवशी अंग दुखतंय म्हणून सुट्टी टाकलीत आणि मग टाकतच राहिलात. बस दुसऱ्यानं नेली. बोलला नाहीत, पण माझ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलं होतं. त्याबद्दल तुम्हाला हात जोडतो. तेव्हा जोडायला पाहिजे होते.

लिऊकाका दारात आले की तुम्ही भिंतीकडं तोंड करायचा. एकदा म्हणालात, "चिनी माल. गॅरंटी न्हाई." सुभाषची चेष्टा, पण तुमच्या तोंडून ती वेगळीच लागली. लिऊकाका आपले हसले. त्यांना वाटलं जुनाच विनोद आहे.

तरी ते रोज थर्मास दारात ठेवून जायचे. मी उघडून बघितला. आत नुसतं गरम पाणी. मी तुम्हाला सांगितलं, नाना, काढा नाही, साधं पाणी आहे. तुम्ही भिंतीकडंच तोंड ठेवलंत. पण मी कामावरनं यायचो तेव्हा थर्मास रिकामा असायचा.

मग एका गुरुवारी तुम्हीच म्हणालात, "रविवारी जाऊ. तू येशील न्हवं?" मी म्हटलं, आत्ता चला. "रविवारी," म्हणालात. "लिऊला बी घेऊ. त्याला सांग, म्हाताऱ्यानं ऐकलं म्हणावं." मी लगेच जाऊन सांगितलं. लिऊकाकांनी माझे दोन्ही हात धरून हलवले.

शुक्रवारी जेवण झालं होतं. तुम्ही बेडच्या कडेला बसला होता. म्हणालात, "संज्या, छातीवर कोण बसल्यावानी वाटतंय रं." मी वळलो तोवर तुम्ही आडवे. मी नुसता नाना नाना करत होतो. लिऊकाका थर्मास ठेवायला आले होते, तसेच आत धावले. माझ्या हातात फोन कोंबला, अ‍ॅम्ब्युलन्स म्हणाले, तुमच्या शेजारी गुडघ्यांवर बसले आणि मनगट धरलं. डोळे मिटून, ओठ हलवत. जणू त्यांनी बोटं सोडली असती तर नाडी तिथंच थांबली असती. गाडी येईपर्यंत त्यांनी बोटं सोडली नाहीत. गाडीत मला एकट्यालाच घेतलं. हॉस्पिटलात पोचलो आणि थोड्या वेळानं एका डॉक्टरनं येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. ऐकायची गरजच नव्हती.

परवा तुमच्या घरनं काकूंचा फोन आला. तुम्हाला ठेवलेली पेटी पोचली, सगळे विधी झाले. आवाज कोरडा होता. मग विचारलंच.

"संजू, त्या चिनी मानसानं ह्यास्नी काय पाजलं रं? खरं सांग, माजी शपथ."

नाना, मी फोन घेऊन बाहेर जिन्यात आलो. लिऊकाकांचं नाव सोडवायचं तर तुम्हाला आधी सांगितलेलं होतं, हे काकूंना सांगावं लागणार. तुम्ही कळून-सवरून थांबलात, हे त्या बाईनं जन्मभर उराशी घेऊन बसायचं. आणि नाही सांगावं तर लिऊकाका जन्मभर तुमच्या घरात विषारी. रात्रंदिवस ज्याची भीती वाटते तसला प्रश्न शेवटी समोर आला की भीती वाटतच नाही, नुसतं गार पडायला होतं.

मी सांगितलं. त्यांनीच औषध बंद केलं, त्यांनीच दवाखान्यात जा म्हणून सांगितलं, नाना रविवारी जाणार होते. सगळं.

काकूंनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "रविवारी." फक्त तेवढंच. आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यांचा फोन नाही. मी लावला, उचलला नाही. मला वाटतं मी एकाला सोडवताना दुसऱ्याला अडकवलं. तुम्ही असता तर सांगितलं असतं, बरोबर केलंस का चूक. कदाचित म्हणाला असता, तुला काय करायचंय.

इकडं काहीच सुधारलेलं नाही. सुभाषला मी खरं सांगितलं, तो रडला, पण मागच्या सीटांवर अजून तेच बोलतात. खरं सांगायला एक माणूस, आणि ते ऐकायला कुणीच जागं नाही. नवा ड्रायव्हर तरणा आहे, कानात वायर घालतो. पुढच्या सीटवर मी बसतो तेव्हा तो विचारतो, मागं जागा नाही का? मी अजूनही झोपत नाही. पण जागायचं कुणासाठी ते आता कळत नाही. माझ्या अंगातली पण हुशारी गेलीय. लिऊकाकांनी माझं मनगट बघितलं, मान हलवली आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाले, "धिस, नो हर्ब." ह्याला औषध नाही.

त्यांनी उकळायचंच बंद केलंय. भांडं पालथं घालून ठेवलंय. कामावरनं आले की बाहेरच्या पायरीवर बसतात. खूप थकलेले दिसतात. एकदा बघितलं, ते स्वतःच्याच मनगटावर बोटं ठेवून बसले होते. मी जाऊन शेजारी बसलो. लोक त्यांच्याबद्दल काय बोलतात ते त्यांना माहीत आहे का, हे विचारायचं धाडस झालं नाही. ते म्हणाले, "ना-ना. सण्डे." मी म्हटलं, हो.

त्यांचे उपकार कसे फेडायचे मला माहीत नाही. अरबीत नुसतं शुक्रन, म्हणजे आभार, म्हणून भागत नाही. पण एक ठरवलंय, ते तुम्हाला सांगतो, म्हणजे मला मागं हटता येणार नाही. कधीतरी लिऊकाका स्वतःसाठी ते भांडं पुन्हा चुलीवर ठेवतील. ठेवावंच लागेल, त्यांचं पण वय झालंय. पहिलं पाणी काढतील, दुसरं काढतील, दोन्ही एकात ओततील, आणि सकाळी आमच्या वाटेवर चोथा टाकून पलीकडं उभे राहतील. आपली माणसं डबे सांभाळत वळसा घालतील. मी घालणार नाही. बूट काढून, अनवाणी, सरळ त्याच्यातनं चालत जाईन, त्यांना दिसेल असा. त्यांचं जे काही असेल ते लागू दे माझ्या पायाला. तेव्हा मागनं कॉलर धरायला तुम्ही नसाल, नाना.